कॉम्प्युटरचा आवाज रेकॉर्ड करताना खराब येतो? आधी त्याची वाट शोधा

कॉम्प्युटरवर वाजणारं व्याख्यान, गाणं किंवा ऑनलाइन तास त्याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा असेल, तर त्यात पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी किंवा खोलीचा घुमारा यायला जागाच नाही. स्पीकरपर्यंत पोचेपर्यंत तो आवाज म्हणजे नुसते आकडे असतात आणि आकड्यांना खोली नसते. तरीही रेकॉर्डिंगमध्ये तुमची खोली ऐकू येत असेल, तर आवाज एकदा बाहेर हवेत जाऊन माइकवाटे परत आत आला आहे. असं झालं असेल तर 'नॉइज रिडक्शन' (गोंगाट पुसणारी सोय) चालवत बसू नका, आवाजाची वाट बदला.

खराबी कानाला कशी लागते, त्यावरून तिची जागा बहुतेक वेळा कळते. घुमारा किंवा घरघर येत असेल तर वाट चुकली. आवाज फाटत असेल तर पातळी चुकली. जुन्या लँडलाइनवरून बोलल्यासारखा दबका असेल तर ब्लूटूथ किंवा एखादा 'सुधारणा' करणारा फिल्टर मध्ये आला. टकटक होत असेल, अक्षरं गिळली जात असतील, तर कॉम्प्युटरला वेळेत काम झेपत नाही. सूरच चढा किंवा उतरा असेल तर सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याचा, घोळ आहे. यातला पहिला आणि तिसरा दोष सर्वांत जास्त भेटतात, आणि दोन्हींवर लोक चुकीचं औषध देतात.

माइक की लूपबॅक: नखाची चाचणी

रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि लॅपटॉपच्या माइकच्या भोकाजवळ नखाने टकटक करा. टकटक रेकॉर्ड झाली, तर तुम्ही कॉम्प्युटरचा आवाज घेतच नाही आहात, स्पीकरमधून खोलीत आलेला आवाज माइकने टिपता आहात.

विंडोजवर आतल्या आत रेकॉर्ड करण्याचा सरळ मार्ग म्हणजे वासापी लूपबॅक. वासापी ही विंडोजची आवाज हाताळण्याची पद्धत, आणि लूपबॅक म्हणजे स्पीकरकडे निघालेला आवाज आतूनच उचलणं. ऑडॅसिटी या मोफत रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये 'ऑडिओ सेटअप' उघडा. 'होस्ट' म्हणून 'विंडोज वासापी' निवडा. 'रेकॉर्डिंग डिव्हाइस'च्या यादीत ज्या नावापुढे 'लूपबॅक' लिहिलं आहे ते घ्या आणि 'रेकॉर्डिंग चॅनल्स'मध्ये २, म्हणजे स्टिरिओ ठेवा. इथे एक गफलत नेहमी होते. लूपबॅक त्याच उपकरणाचा निवडावा लागतो, ज्यातून आत्ता आवाज वाजतो आहे. कानात यूएसबी हेडफोन आणि यादीत स्पीकरचा लूपबॅक, अशी जोडी झाली तर सपाट रेघ मिळते. ऑडॅसिटी उघडल्यानंतर हेडफोन जोडला असेल, तर तो यादीत दिसण्यासाठी 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' करावं लागतं.

लूपबॅकची एक खोड माहीत असावी. कॉम्प्युटरवर काहीच वाजत नसेल तर त्याला आकडेच मिळत नाहीत आणि रेकॉर्डिंग जागच्या जागी थबकतं. व्हिडिओ दोन मिनिटं पॉज केला, तर ती दोन मिनिटं रेकॉर्डिंगमध्ये नसतात. नुसतं व्याख्यान हवं असेल तर हे सोयीचंच आहे. पण नंतर ते चित्राशी जुळवायचं असेल तर वेळ सरकते. त्यावर उपाय सोपा आहे: ऑडॅसिटीतच तासाभराची शांतता तयार करून तिची फाइल करा आणि रेकॉर्डिंग चालू असताना ती दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजत ठेवा.

जुन्या लेखांमध्ये 'स्टिरिओ मिक्स' चालू करायला सांगितलेलं असतं. रिअलटेक कंपनीच्या बऱ्याच साउंड कार्डांत तो असतो, पण लपवलेला असतो. 'साउंड कंट्रोल पॅनल'च्या 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'वर खूण केली की दिसतो. लूपबॅक मिळत असेल तर त्याच्या वाटेला जाण्याची गरज नाही. स्टिरिओ मिक्स फक्त त्या कार्डातून जाणारा आवाज पकडतो. एचडीएमआयने टीव्हीवर, यूएसबीवर किंवा ब्लूटूथवर चाललेला आवाज त्याला दिसत नाही. मग माणूस तासभर शांतता रेकॉर्ड करून ठेवतो.

रेकॉर्डिंगमध्ये विहिरीत ओरडल्यासारखे प्रतिध्वनी येऊन ते वाढत गेले, तर ऑडॅसिटी रेकॉर्ड होणारा आवाज परत वाजवते आहे आणि लूपबॅक तोही पकडतो आहे. जुन्या आवृत्त्यांत या सोयीचं नाव 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू' होतं. नावात 'मॉनिटरिंग' किंवा 'प्लेथ्रू' असलेलं जे काही चालू असेल ते बंद करा. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हाच घोळ दोन रीतीने होतो. एक म्हणजे एखाद्या सोर्सचं 'ऑडिओ मॉनिटरिंग' 'मॉनिटर अँड आउटपुट'वर राहिलेलं असतं. दुसरं म्हणजे 'डेस्कटॉप ऑडिओ' चालू असतानाच त्याच ब्राउझरसाठी 'अॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' जोडलेला असतो. मग एकच आवाज दोनदा येतो. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तर पातळी ६ डेसिबलने वाढते, काही मिलिसेकंद मागेपुढे झाल्या तर आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ लागतो. दोहोंपैकी एकच ठेवा. एकाच प्रोग्रॅमचा आवाज हवा असेल तर 'अॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' बरा, कारण त्यात व्हॉट्सअॅपचं टुंग येत नाही.

फाटलेला आवाज

डिजिटल आवाजाला वरची मर्यादा असते, ० डेसिबल. त्याच्या वरचं सगळं कापलं जातं. तरंग मोठा करून पाहिलात तर गोल माथ्यांऐवजी कौलांवरून रंधा फिरवल्यासारखे सपाट माथे दिसतात. रेकॉर्डिंगचे सर्वांत उंच माथे उणे ६ डेसिबलच्या आसपास राहतील, इतकी पातळी ठेवा. ओबीएसच्या मिक्सरमध्ये उणे २० पर्यंत हिरवा, तिथून उणे ९ पर्यंत पिवळा आणि वर लाल रंग असतो. आवाज जास्त वेळ पिवळ्यात खेळावा, लालात अधूनमधून डोकवावा.

पातळी कुठे कमी करायची, हाच खरा प्रश्न असतो. विंडोजमध्ये आवाज तीन नळांतून येतो: व्हिडिओच्या चौकटीतला स्लायडर, 'व्हॉल्यूम मिक्सर'मधला त्या प्रोग्रॅमचा स्लायडर आणि टास्कबारवरचा मुख्य व्हॉल्यूम. पहिले दोन रेकॉर्डिंगवर नक्की परिणाम करतात. तिसऱ्याचा परिणाम साउंड कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरप्रमाणे (ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमप्रमाणे) बदलतो. काही कार्डांत मुख्य व्हॉल्यूम खाली केला तरी रेकॉर्डिंग तितकंच मोठं राहतं, काहींत तेही खाली येतं. दहा सेकंद रेकॉर्ड करता करता तो वरखाली करून आपल्या कार्डाचा स्वभाव एकदा पाहून घ्या.

फाटलेपणा आधीच्या नळात झाला असेल तर पुढचा नळ कमी करून तो जात नाही, फक्त फाटलेला आवाज हळू ऐकू येतो. ब्राउझरला व्हॉल्यूम ३०० टक्के करणारं एक्स्टेन्शन लावलेलं असेल तर ते आधी काढा. लॅपटॉपच्या कंपनीने दिलेलं 'साउंड एन्हान्सर', 'बेस बूस्ट', 'लाउडनेस इक्वलायझेशन' हेही बंद करा. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'साउंड' असं जाऊन आपल्या स्पीकरच्या नावावर क्लिक केलं की 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' आणि 'स्पेशियल साउंड' दिसतात, दोन्ही 'ऑफ' करा. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला बरं वाजायला लावण्यासाठी हे मुलामे असतात. रेकॉर्डिंगमध्ये ते उतरले की चांगल्या हेडफोनवर कर्कश लागतात.

मध्येच आवाज एकदम खाली जाऊन थोड्या वेळाने वर येत असेल, तर 'साउंड कंट्रोल पॅनल'चा 'कम्युनिकेशन्स' टॅब पाहा. कॉल सुरू आहे असं विंडोजला वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणण्याची सूचना तिथे मुळातच दिलेली असते. 'डू नथिंग' निवडा.

ब्लूटूथचा फोनसारखा आवाज

हेडफोन महागडा, गाणं छान वाजत होतं, आणि रेकॉर्डिंग सुरू करताच सगळं ट्रंक कॉलसारखं झालं. हेडफोन बिघडलेला नाही. नेहमीच्या ब्लूटूथला एका वेळी एकच काम नीट जमतं. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा तो ए-टू-डी-पी या पद्धतीने चांगला स्टिरिओ आवाज पाठवतो. एखाद्या प्रोग्रॅमने त्याच हेडफोनचा माइक उघडला, की तो हँड्स-फ्री पद्धतीवर उतरतो. तिथे आवाज मोनो असतो आणि सॅम्पल रेट ८ किंवा फार तर १६ किलोहर्ट्झ. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं टिकतात, म्हणजे वरची हद्द ४ किंवा ८ किलोहर्ट्झ. झांजा, 'स' आणि 'श'ची धार, तबल्याच्या चाटीवरचा टणत्कार यांची वरची चमक त्या हद्दीच्या पलीकडे राहते.

म्हणून माइक दुसरा घ्या. लॅपटॉपचा आतला असेल तरी चालेल. झूम, टीम्स, ओबीएस, ऑडॅसिटी, ब्राउझर, सगळीकडे इनपुट म्हणून ब्लूटूथ हेडफोनचं नाव कुठेही राहता कामा नये. एकाने जरी माइक धरून ठेवला तरी सगळ्यांचा आवाज खाली येतो. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर जुन्या 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स'मध्ये हेडफोनच्या 'प्रॉपर्टीज'चा 'सर्व्हिसेस' टॅब उघडून 'हँड्स-फ्री टेलिफोनी'ची खूण काढा. मग त्या हेडफोनचा माइक कॉम्प्युटरला दिसणारच नाही. रेकॉर्डिंगपुरता साधा वायरचा हेडफोन लावला तर हा सगळा परिच्छेद विसरता येतो.

तानपुरा गायब करणारा फिल्टर

आवाज दबका आहे पण ब्लूटूथ कुठेच नाही, असं असेल तर आवाज 'स्वच्छ' करणारा कोणी मध्ये बसला आहे. कॉलच्या प्रोग्रॅमांतला आणि ओबीएसमधला 'नॉइज सप्रेशन' फिल्टर माणसाचं बोलणं राखण्यासाठी केलेला आहे. एकसारखा, न बदलता चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असा त्याचा समज. तानपुरा नेमका तसाच असतो. म्हणून ऑनलाइन गाण्याच्या तासाला तानपुरा पहिल्या काही सेकंदांत विरतो, पेटीचा लांबवलेला सूर मध्येच बुडतो आणि तबल्याची आस तुटते. या जखमेवर रेकॉर्ड करणाऱ्याकडे इलाज नाही, कारण बहुतेक वेळा आवाज पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरच तो कापला जातो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' गाणाऱ्याने आपल्या बाजूला चालू करायचं असतं. तानपुऱ्याचं अॅप कॉम्प्युटरवर वाजवायचं असेल तर ते माइकसमोर न धरता 'शेअर साउंड'ने पाठवावं. त्याच्या शेजारच्या बाणात मोनो आणि स्टिरिओ असे पर्याय मिळतात, तिथे स्टिरिओ घ्यावा. ओबीएसमध्ये 'नॉइज सप्रेशन' आणि 'नॉइज गेट' लावायचेच असतील तर फक्त माइकला लावा, 'डेस्कटॉप ऑडिओ'ला कधीच नको.

सूर हलला तर

कॉम्प्युटरच्या आवाजात दोन सॅम्पल रेट नेहमी भेटतात, ४४,१०० आणि ४८,००० हर्ट्झ. व्हिडिओ बहुतेक ४८ चे, सीडीतली गाणी ४४.१ ची. विंडोज एकाचं दुसऱ्यात रूपांतर बऱ्यापैकी करतं, त्यात कानाला कळेल असं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते रूपांतर न होता नुसतं लेबल चुकतं तेव्हा. ४४.१ चं रेकॉर्डिंग ४८ समजून वाजवलं तर ते जवळपास ८.८ टक्के जलद वाजतं आणि सूर सुमारे दीड पट्टीने चढतो: पेटीवरच्या काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लटकतो. उलट झालं तर आवाज ८.१ टक्के संथ आणि भारदस्त होतो.

सगळीकडे एकच आकडा ठेवला की प्रश्न मिटतो. ४८,००० घ्या. 'साउंड कंट्रोल पॅनल'च्या 'प्लेबॅक' टॅबमध्ये आपलं उपकरण, 'प्रॉपर्टीज', 'अॅडव्हान्स्ड', तिथे ४८,००० हर्ट्झ. त्याच पानावर 'एक्स्क्लुझिव्ह' नियंत्रण देण्याची खूण आहे, तीही काढा. एखाद्या प्लेअरने साउंड कार्ड एकट्याने बळकावलं तर त्याचा आवाज लूपबॅकला मिळत नाही. मग ऑडॅसिटीतला 'प्रोजेक्ट सॅम्पल रेट' आणि ओबीएसच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'ऑडिओ'खालचा रेटही ४८ करा. ओबीएस त्यानंतर बंद करून उघडावा लागतो.

खात्री करायची तर १,००० हर्ट्झचा सूर तयार करा. ऑडॅसिटीत 'जनरेट'मध्ये 'टोन', साइन, अॅम्प्लिट्यूड ०.५ म्हणजे उणे ६ डेसिबल, वेळ ३० सेकंद. त्याची वेव्ह फाइल करून दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजवा आणि नेहमीच्या मार्गाने रेकॉर्ड करा. 'अॅनलाइझ'मधल्या 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये एकच सुळका १,००० वर दिसला पाहिजे. तो १,०८८ किंवा ९१९ च्या आसपास असेल तर रेटचा घोळ. २,०००, ३,००० वर ठसठशीत सुळके असतील तर कुठेतरी आवाज फाटतो आहे. ५०, १००, १५० वर उंचवटे असतील तर विजेची गुणगुण वायरीतून शिरली आहे. हीच खिडकी खऱ्या रेकॉर्डिंगवर उघडली आणि आलेख ४ किंवा ८ किलोहर्ट्झवर कड्यासारखा तुटलेला दिसला, तर ब्लूटूथ पकडा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास तुटत असेल तर मूळ फाइलच कमी बिटरेटची एमपीथ्री असण्याचा संभव मोठा. त्यात तुमच्या यंत्रणेचा दोष नाही.

टकटक आणि तुटकेपणा

कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्यांनी उचलतो. एक तुकडा उचलायच्या आत पुढचा आला तर मधले आकडे हरवतात आणि टक् असा आवाज येतो. रेकॉर्डिंगला फार ताकद लागत नाही, वक्तशीरपणा लागतो. त्यामुळे नवा लॅपटॉपही अडखळू शकतो. चार्जर लावा, पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात रेकॉर्ड करू नका, पेनड्राइव्हवर तर नकोच. ऑडॅसिटीच्या 'ऑडिओ सेटिंग्ज'मधली (जुन्या आवृत्त्यांत 'डिव्हायसेस'मधली) 'बफर लेंथ', म्हणजे साठवायच्या तुकड्याची लांबी, १०० मिलिसेकंदांवरून २०० करून पाहा. नुसतं रेकॉर्ड करताना उशीर झाल्याने काही अडत नाही. तरीही टकटक राहिली तर 'लेटन्सीमॉन' हा मोफत प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा, कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो ते तो नावानिशी सांगतो. वायफायचा ड्रायव्हर हा नेहमीचा संशयित: वायफाय बंद करून टकटक थांबली तर तो अपडेट करा.

वायर लावूनच रेकॉर्ड करायचं असेल तर

एका कॉम्प्युटरचा आवाज वायरीने दुसऱ्यात घेण्याची वेळ येते, उदाहरणार्थ ऑफिसच्या लॅपटॉपवर काही बसवायची परवानगी नसते तेव्हा. लॅपटॉपचं एकुलतं एक गोल भोक हेडसेटसाठी असतं. त्यात माइकचा मार्ग मोनो आणि फार संवेदनशील असतो. हेडफोनचा जोरकस आवाज त्यात सोडला की तो फाटणारच. 'लेव्हल्स' टॅबमधला 'मायक्रोफोन बूस्ट' शून्यावर आणा. खरं तर 'लाइन इन' असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्डच घ्या. ते हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरला लावा.

दोन्ही यंत्रं चार्जरवर असताना बारीक गुणगुण येत असेल तर एकाचा चार्जर काढून ऐका. थांबली तर तो ग्राउंड लूप आहे. दोन्हींच्या अर्थिंगमधून आपल्याकडचा ५० हर्ट्झचा प्रवाह वायरीच्या जाळीतून फिरतो. रेकॉर्डिंगपुरता एक लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर ३.५ मिलिमीटरचा ग्राउंड लूप आयसोलेटर वायरीच्या मध्ये लावा. आणि गाणाऱ्याचा आवाज नाहीसा होऊन फक्त पोकळ वाद्यं ऐकू आली, तर पिन पूर्ण आत गेलेली नाही. ग्राउंड सुटलं की डाव्या-उजव्या बाजूंचा फरकच तेवढा ऐकू येतो आणि मधोमध असलेला गळा वजा होतो. पिन दाबा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर 'क्विकटाइम'च्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये माइकचा आवाज येतो, आतला येत नाही. मॅकओएस १३ पासून ओबीएसचा 'मॅकओएस स्क्रीन कॅप्चर' आतला आवाजही घेतो. त्याआधीच्या मॅकवर 'ब्लॅकहोल' हा मोफत ड्रायव्हर बसवून 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये 'मल्टी-आउटपुट डिव्हाइस' बनवा. त्यात स्पीकर आणि ब्लॅकहोल दोन्हींवर खूण, वेळ ठरवणारं घड्याळ स्पीकरचं आणि 'ड्रिफ्ट करेक्शन' (घड्याळांतला फरक भरून काढणारी खूण) ब्लॅकहोलला. ही शेवटची खूण विसरली की थोड्या थोड्या वेळाने टकटक येते. या व्यवस्थेत कीबोर्डवरची व्हॉल्यूमची बटणं चालत नाहीत, तेवढं सोसावं लागतं.

लिनक्सवर आवाजाच्या प्रत्येक आउटपुटला 'मॉनिटर' नावाचा जोडीदार असतो. रेकॉर्डिंग सुरू करून 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल'च्या 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये ऑडॅसिटीसमोर तो मॉनिटर निवडला की झालं.

फाइल आणि नंतरची दुरुस्ती

फाइल आधी वेव्ह (न दाबलेली) किंवा फ्लॅक (काही न हरवता दाबलेली) प्रकारात करा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साडेअकरा एमबी आणि तासाला ६९१ एमबी जागा खाते. जागा कमी असेल तर फ्लॅक, त्यात काही हरवत नाही. इंटरनेटवरचा आवाज आधीच एकदा दाबलेला असतो, तो परत एमपीथ्रीत दाबणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. व्हॉट्सअॅपवर पाठवायची एमपीथ्री सर्वांत शेवटी मूळ वेव्हपासून बनवा, गाण्यासाठी १९२ केबीपीएसच्या खाली न जाता.

माइक आणि कॉम्प्युटरचा आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर रेकॉर्ड केला असेल तर तासाभराने दोन्ही थोडे सरकलेले मिळतील. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० एवढा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद होतात आणि ओठ-शब्द जुळत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा, मग एक ट्रॅक तेवढाच ताणता येतो.

विजेची गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर 'नॉच फिल्टर' (नेमकं तेवढंच कंपन कापणारा) लावून बरीच उतरते. एखाद-दुसरा फाटलेला माथा 'क्लिप फिक्स'ने सावरतो, पण आधी पातळी ८-१० डेसिबलने खाली आणावी लागते, नाहीतर जोडलेल्या माथ्याला जागाच उरत नाही. ब्लूटूथने कापलेला वरचा भाग मात्र इक्वलायझरने येत नाही. तिथला स्लायडर कितीही चढवला तरी वाढवायला काही उरलेलं नसतं. ते रेकॉर्डिंग पुसून पुन्हा करा.